पेशीआधारित औषध-चाळणीतील फसवे हिट कसे ओळखावेत: नवोदितांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

हजारो संयुगे पेशींवर तपासण्याची पहिली फेरी पार पडून हिटची, म्हणजे चाचणीत परिणाम दाखवणाऱ्या संयुगांची, यादी हाती आली, की नवोदित संशोधकाचे लक्ष साहजिकच यादीतील सर्वांत बलवान संयुगाकडे जाते. माझ्या मते पहिला संशय त्याच संयुगावर घ्यावा. समजा, दहा हजार संयुगांच्या संग्रहात अपेक्षित लक्ष्यावर खरोखर काम करणारी दहा संयुगे आहेत, आणि उरलेल्यांपैकी दोन टक्के संयुगे काही ना काही कारणाने चाचणीला चकवतात. अशा वेळी यादीत दहा खऱ्यांसोबत सुमारे दोनशे फसवी संयुगे बसतात, आणि चाचणी उत्तम चालली असली तरी हे टळत नाही. म्हणून हिटची यादी हाती येणे ही कामाची सुरुवात मानावी.

पेशीआधारित चाचणीतील फसवणूक दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात पेशीत काहीच घडत नाही. संयुग स्वतः चमकते, प्रकाश शोषते किंवा मापनासाठी वापरलेल्या विकराला (एन्झाइमला) रोखते आणि यंत्राचा आकडा बदलतो. दुसऱ्या प्रकारात पेशीत खरोखर काहीतरी घडते, परंतु त्याचा संशोधकाच्या लक्ष्य प्रथिनाशी संबंध नसतो: पेशी मरत असते, प्रथिने बनवणे थांबवते किंवा तिचे लायसोसोम (पेशीतील टाकाऊ पदार्थांचे विघटन करणाऱ्या पिशव्या) मेदाने भरून जातात. शुद्ध विकरांवर काम करून आलेल्यांना पहिला प्रकार परिचित असतो, दुसऱ्याकडे मात्र त्यांचे दुर्लक्ष होते. दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण तो पुनरावृत्तीत टिकतो, मात्रेनुसार वाढतो आणि दुसऱ्या पेशीवंशातही दिसतो. प्रयोग पुन्हा केल्यावर तेच उत्तर आले, एवढ्यावरून स्पष्टीकरण बरोबर ठरत नाही. पुढील प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा आहे: माझे स्पष्टीकरण चुकीचे असेल, तर ते कोणत्या प्रयोगात उघडे पडेल?

पायरी पहिली: चाळणी सुरू होण्यापूर्वी

या पायरीविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेक प्रयोगशाळांत पाळली जाते. प्रत्येक प्लेटवर धन (अपेक्षित परिणाम देणारी) आणि ऋण (परिणाम न देणारी) नियंत्रणे असावीत आणि झेड-प्राइम हा गुणांक काढावा. 1999 साली मांडला गेलेला हा गुणांक दोन्ही नियंत्रणांच्या सरासरीतील अंतर आणि त्यांचा विखुरलेपणा यांची तुलना करतो, तो 0.5 किंवा अधिक असल्यास चाचणी चाळणीयोग्य मानतात. संयुगांचे साठे बहुधा डीएमएसओ या द्रावकामध्ये 10 मिलिमोलर तीव्रतेचे असतात, म्हणजे हजारपट विरल केल्यावर पेशींना 10 मायक्रोमोलर संयुग आणि 0.1 टक्का डीएमएसओ मिळते. हे प्रमाण नियंत्रणांसह सर्व वेलमध्ये (प्लेटवरील खळग्यांमध्ये) समान ठेवावे. डीएमएसओ हवेतील ओलावा शोषतो, त्यामुळे वारंवार गोठवलेल्या आणि वितळवलेल्या साठ्यांची तीव्रता बदलते व काही संयुगे तळाशी बसतात. प्लेटच्या कडेच्या वेलमधून बाष्पीभवन अधिक होत असल्याने तेथील हिट विशेष काळजीने पाहावेत.

नियंत्रणांच्या बाबतीत मात्र एक सूचना आवर्जून करतो. केवळ अपेक्षित परिणाम देणारे एक संयुग ठेवून भागत नाही. पेशीला ओळखीच्या मार्गांनी त्रास देणाऱ्या संयुगांचा एक छोटा संच सुरुवातीलाच तपासावा. प्रथिननिर्मिती थांबवणारे सायक्लोहेक्झिमाइड, प्रोटिएसोम रोखणारे बोर्टेझोमिब, सूक्ष्मनलिका मोडणारे नोकोडॅझोल, मायटोकॉन्ड्रियाचा विद्युतविभव घालवणारे एफसीसीपी, पटल फोडणारे डिजिटोनिन, ऑक्सिडीकारक ताण देणारे मेनाडिओन, अनेक कायनेजांना एकाच वेळी रोखणारे स्टॉरोस्पोरीन आणि लायसोसोममध्ये मेद साठवणारे अमिओडॅरोन, एवढी आठ संयुगे मात्रांच्या पूर्ण मालिकेत चालवली तरी आपली चाचणी कोणत्या आघाताला ‘यश’ समजते हे कळते. आठांपैकी पाच संयुगे हिट ठरली, तर दोष चाचणीच्या रचनेत आहे आणि तो चाळणीपूर्वीच दुरुस्त करणे स्वस्त पडते.

पायरी दुसरी: आकड्याआधी प्रतिमा आणि कच्ची मापने

टक्केवारीत रूपांतरित केलेला आकडा बरेच काही लपवतो. म्हणून प्रत्येक हिटसाठी मूळ मापन आणि सूक्ष्मदर्शकातील प्रतिमा उघडून पाहावी. वेलमध्ये स्फटिक दिसतात का, माध्यमाचा रंग बदलला आहे का, पेशी गोल होऊन सुटल्या आहेत का, हे डोळ्यांना काही क्षणांत दिसते. नमुन्यादाखल वीस हिटच्या प्रतिमा पाहून थांबू नये, सर्व पाहाव्यात.

संयुगाची स्वतःची चमक हा प्रतिदीप्तीवर आधारलेल्या चाचण्यांतील नेहमीचा उपद्रव आहे. जवळच्या अतिनील प्रकाशाने उद्दीपित होऊन निळा प्रकाश देणारी संयुगे संग्रहांत पुष्कळ असतात, तर तांबड्या टोकाला चमकणारी फारच थोडी असतात. त्यामुळे नवी चाचणी रचताना महत्त्वाचे मापन निळ्या रंगावर न बेतणे शहाणपणाचे ठरते. डॉक्सोरुबिसिनचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. हे औषध नारिंगी-तांबडे चमकते आणि डीएनएला चिकटत असल्याने नेमके केंद्रकात जमा होते. एखादे तांबडे चमकणारे प्रथिन केंद्रकात शिरते का, असे मोजणाऱ्या चाचणीत ते हुबेहूब खऱ्या हिटसारखे दिसते. तपासणी सोपी आहे: रंगद्रव्य किंवा रिपोर्टर (परिणाम मोजण्यासाठी पेशीत घातलेले, सहज मोजता येणारे प्रथिन) नसलेल्या पेशींना तेच संयुग देऊन त्याच फिल्टरमधून पाहावे. याच्या उलट, गडद रंगाची संयुगे उद्दीपक किंवा बाहेर पडणारा प्रकाश शोषतात आणि संकेत खोटेपणाने कमी दाखवतात. त्यांच्यासाठी संयुगाचा शोषण वर्णपट काढून तो मापनाच्या तरंगलांबीवर येतो का, एवढे पाहिले तरी पुरते.

पायरी तिसरी: ल्युसिफरेजचा उलटा खेळ

काजव्याचे ल्युसिफरेज हे रिपोर्टर म्हणून अतिशय लोकप्रिय आहे आणि म्हणूनच त्याच्यामुळे होणारी फसवणूकही मोठी आहे. हे विकर ल्युसिफेरिन, एटीपी (पेशीचे ऊर्जाद्रव्य) आणि ऑक्सिजन वापरून प्रकाश निर्माण करते. संयुगांच्या मोठ्या संग्रहांत त्याला थेट रोखणारी संयुगे लक्षणीय संख्येने आढळतात. रेझव्हेराट्रॉल हे त्यांतील परिचित नाव आहे. रोधकामुळे प्रकाश कमी व्हावा, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. जिवंत पेशीत मात्र अनेकदा नेमके उलटे घडते. ल्युसिफरेजचे प्रथिन पेशीत काही तासांत निम्मे नष्ट होते. रोधक त्याला चिकटला की त्याची घडी स्थिर होते, त्याचा नाश मंदावतो आणि ते साठत जाते. दिवसभरानंतर पेशी फोडून ल्युसिफेरिनचा मुबलक पुरवठा असलेले अभिकर्मक घातले, की रोधक बाजूला सारला जातो आणि साठलेले सर्व विकर एकदम प्रकाश देते. संशोधकाला वाटते, जनुक जागे झाले.

पीटीसी124, म्हणजेच पुढे अटाल्युरेन या नावाने ओळखले गेलेले संयुग, याचे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण आहे. प्रथिननिर्मिती अकाली थांबवणाऱ्या उत्परिवर्तनांवर मात करणारे संयुग म्हणून ते काजव्याच्या ल्युसिफरेजवर आधारित चाचणीतून पुढे आले आणि 2007 साली त्याविषयीचे काम प्रसिद्ध झाले. 2009 साली दुसऱ्या गटाने दाखवले, की ते याच ल्युसिफरेजचे प्रबळ रोधक आहे आणि त्याला स्थिर करते. दुसऱ्या प्रकारचे ल्युसिफरेज वापरल्यावर तो परिणाम दिसत नाही. या संयुगाच्या खऱ्या कार्यपद्धतीवरचा वाद त्यानंतरही चालू राहिला. नवोदिताने येथे औषधाच्या भवितव्यावर मत बनवण्याऐवजी एवढेच टिपून ठेवावे, की एका रिपोर्टरवर उभा राहिलेला निष्कर्ष दुसऱ्या रिपोर्टरवर तपासणे हे काम पहिल्याच आठवड्यात करता येते.

व्यवहारात तीन प्रयोग करावेत. शुद्ध काजवा-ल्युसिफरेजवर सर्व हिट चालवावेत आणि त्यासाठी ल्युसिफेरिनचे प्रमाण मुद्दाम मर्यादित ठेवावे, कारण मुबलक ल्युसिफेरिनमध्ये त्याच्याशी स्पर्धा करणारे रोधक लपून राहतात. तोच प्रवर्तक (जनुक सुरू करणारा डीएनएचा भाग) रेनिला ल्युसिफरेजसारख्या वेगळ्या विकरासमोर जोडून पाहावा; हे विकर सीलेंटेराझिन वापरते आणि त्याला एटीपी लागत नाही. शेवटी, रिपोर्टर पूर्ण बाजूला ठेवून मूळ जनुकाचा आरएनए किंवा त्याचे प्रथिन मोजावे. मात्रा-प्रतिसाद वक्र आधी चढून नंतर उतरत असेल, तर ल्युसिफरेजच्या स्थिरीकरणाचा संशय आणखी बळावतो.

पायरी चौथी: पेशी जिवंत आहे का, आणि कोणत्या स्थितीत आहे

एखाद्या मार्गाचा ‘रोधक’ शोधणारी, म्हणजेच संकेत कमी होण्याची वाट पाहणारी चाचणी मरणाऱ्या पेशींना नेहमीच यश समजते. त्यामुळे पेशींच्या आरोग्याची चाचणी त्याच पेशींवर, त्याच मात्रांना आणि तेवढ्याच कालावधीनंतर घ्यावी. चोवीस तासांच्या चाचणीतील हिटला चार तासांच्या विषाक्तता-चाचणीने निर्दोष ठरवण्याची चूक प्रकाशित लेखांतही आढळते. मार्गावरील परिणाम आणि पेशीमृत्यू यांच्या मात्रांत किमान दहापट अंतर नसेल, तर मी त्या संयुगावर वेळ घालवत नाही. हा माझा निकष कडक वाटेल, पण नवोदिताला तोच सोयीचा पडतो.

आरोग्य मोजणाऱ्या चाचण्याही फसतात, हे विसरू नये. 1983 साली मांडलेल्या एमटीटी चाचणीत पिवळे टेट्राझोलियम क्षपण होऊन जांभळे होते; संयुग स्वतःच क्षपणकारक असेल, तर पेशी मेल्या तरी रंग येतो. रेझाझुरिनच्या चाचणीलाही हाच धोका आहे. एटीपी मोजणारी नेहमीची चाचणी ल्युसिफरेजवरच चालते, म्हणजे मागील पायरीतील रोधक येथे विषारी भासतात. उपाय म्हणून पेशी नसलेल्या वेलमध्ये संयुग आणि अभिकर्मक एकत्र करून पाहावेत, आणि किमान एक मोजमाप थेट पेशींच्या संख्येवर आधारलेले असावे. केंद्रके रंगवून मोजणे हा साधा मार्ग मला सर्वांत विश्वसनीय वाटतो, कारण संख्येबरोबर केंद्रकांचा आकारही दिसतो: आक्रसलेली आणि तुकडे झालेली केंद्रके पेशीमृत्यूकडे, तर गोल पेशींतील घट्ट गुंडाळलेली गुणसूत्रे अडकलेल्या विभाजनाकडे बोट दाखवतात. सूक्ष्मनलिकांवर काम करणारी संयुगे असंख्य चाळण्यांत हिट म्हणून येतात आणि त्यांची ही खूण चटकन ओळखता येते.

पेशी जिवंत आहे म्हणजे ती निरोगी आहे, असेही नाही. प्रथिननिर्मिती थांबली की अल्पायुषी प्रथिने आधी नाहीशी होतात, आणि अनेक रिपोर्टर व संकेतवाहक प्रथिने अल्पायुषीच असतात. हिस्टोन डीॲसिटिलेज रोखणारी संयुगे बाहेरून घातलेल्या प्रवर्तकांना, विशेषतः सायटोमेगॅलोव्हायरसच्या प्रवर्तकाला, सरसकट चालना देतात. म्हणून नेहमी एका असंबंधित रिपोर्टरवरही हिट तपासावेत. दोन्हीकडे सारखाच परिणाम दिसला, तर तो विशिष्ट नाही.

डिजॉक्सिन आणि ओआबेन यांसारखी हृदयावरील ग्लायकोसाइड्स येथे स्वतंत्र उल्लेखास पात्र आहेत. ती सोडियम-पोटॅशियम पंप रोखतात, पेशीतील पोटॅशियम घटते आणि मानवी पेशींत प्रथिननिर्मिती मंदावते. परिणामी ती नॅनोमोलर मात्रांना अगदी वेगवेगळ्या विषयांच्या चाळण्यांत अग्रस्थानी दिसतात. सुदैवाने त्यांना ओळखण्याची एक सुंदर युक्ती निसर्गानेच दिली आहे: उंदीर आणि घुशीच्या पेशींतील या पंपाचे मुख्य रूप त्यांना शेकडोपटींनी कमी दाद देते. मानवी पेशींत अत्यंत प्रबळ, आणि उंदराच्या पेशींत मात्र निष्क्रिय, असे चित्र दिसले की लक्ष्याविषयी सिद्धान्त मांडण्यापूर्वी पंपाचा विचार करावा.

मायटोकॉन्ड्रियाला बाधा आणणारी संयुगे वेगळ्याच कारणाने लपतात. ग्लुकोज मुबलक असलेल्या माध्यमात कर्करोगाच्या पेशी ग्लायकोलिसिसवर तग धरतात, त्यामुळे मायटोकॉन्ड्रिया बंद पडले तरी जीवितता ठीकच दिसते. ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज दिल्यास पेशींना मायटोकॉन्ड्रियावर अवलंबून राहावे लागते. ग्लुकोजमध्ये निरुपद्रवी आणि गॅलॅक्टोजमध्ये मारक ठरणारे संयुग आपली ओळख स्वतःच देते.

पायरी पाचवी: माध्यमातच घडणारे रसायन

काही संयुगे पेशीत शिरण्यापूर्वीच आपला प्रताप दाखवतात. हिरव्या चहातील पॉलिफेनॉलसारखी संयुगे नेहमीच्या संवर्धन माध्यमात ऑक्सिजनशी अभिक्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि पेशी त्या पेरॉक्साइडला प्रतिसाद देतात. माध्यमात पेरॉक्साइड मोडणारे कॅटालेज हे विकर घालून प्रयोग पुन्हा करावा. परिणाम नाहीसा झाला, तर कारण उघड आहे. पायरुव्हेटही पेरॉक्साइड टिपून घेते, त्यामुळे पायरुव्हेट असलेले आणि नसलेले माध्यम वापरणाऱ्या दोन प्रयोगशाळांचे निकाल न जुळण्याचे कारण कधीकधी बाटलीवरच्या लेबलवर सापडते. कर्क्युमिन सीरमविरहित, उदासीन सामूच्या द्रावणात काही मिनिटांतच विघटित होऊ लागते, शिवाय ते चमकते आणि धातू धरते. त्याच्यावरचा कोणताही पेशीआधारित निकाल वाचताना ही सगळी अंगे ध्यानात ठेवावीत.

प्रथिनांच्या थायॉल गटांशी सहसंयुजी बंध जोडणारी संयुगे आणखी एक वर्ग बनवतात. ग्लुटाथायोनसारखे थायॉल घातल्यावर परिणाम विरला, किंवा पेशी धुऊन संयुग काढून टाकले तरी परिणाम कायम राहिला, तर अशा बंधाची शक्यता तपासावी. सहसंयुजी बंध हा आपोआप दोष ठरत नाही, कारण असे बंध जोडणारी उत्तम औषधे आहेत. दोष आहे तो सापडेल त्या प्रथिनाला चिकटण्यात.

मायक्रोमोलर मात्रांना अनेक संयुगे पाण्यात विरघळून न राहता एकत्र येऊन सूक्ष्म कलिल कण बनवतात. शुद्ध विकरांच्या चाचणीत हे कण विकराला पृष्ठभागावर ओढून घेतात आणि रोध झाल्याचा भास निर्माण करतात, 0.01 टक्का ट्रायटन एक्स-100 घातल्याने तो नाहीसा होतो. पेशींच्या चाचणीत चित्र पालटते. कण पटल ओलांडू शकत नसल्याने खरोखर चांगले संयुगही निष्प्रभ भासते, म्हणजेच येथे खोटा नकार मिळतो. ट्रायटन पेशींना फोडत असल्याने येथे तो उपाय चालत नाही. संयुग घातलेले माध्यम वेगाने सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव पेशींना द्यावा आणि परिणाम बदलतो का ते पाहावे.

पायरी सहावी: लायसोसोममध्ये अडकणारी संयुगे

एका टोकाला मेदप्रेमी वलये आणि दुसऱ्या टोकाला प्रोटॉन स्वीकारणारे ॲमिन, अशी रचना असंख्य औषधांत आढळते. अशी संयुगे पटलातून सहज आत शिरतात, लायसोसोमच्या सुमारे 4.5 ते 5 सामूच्या आम्लात धनभार घेतात आणि तेथेच अडकतात. त्यांचा साठा वाढला की फॉस्फोलिपिडचे विघटन बिघडते आणि लायसोसोम मेदाने फुगतात. या स्थितीला फॉस्फोलिपिडोसिस म्हणतात.

कोविड-19 च्या काळात जुन्या औषधांच्या पुनर्वापरासाठी जगभर चाळण्या झाल्या आणि संवर्धित पेशींत विषाणू रोखणारी कितीतरी औषधे पुढे आली. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले, की त्यांतील मोठा हिस्सा याच रचनेचा होता, विषाणूरोधाचे प्रमाण फॉस्फोलिपिडोसिसच्या प्रमाणाशी जुळत होते, आणि उंदरांवर तपासलेल्या अशा औषधांनी विषाणूचा भार अपेक्षेप्रमाणे घटवला नाही. क्लोरोक्वीनच्या बाबतीत पेशीची निवडही निर्णायक ठरली: माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या व्हेरो पेशींत विषाणू एंडोसोममार्गे (पेशीने आत ओढलेल्या पिशवीतून) शिरत असल्याने ते प्रभावी दिसले, परंतु फुप्फुसाच्या कालू-3 पेशींत, जेथे प्रवेशाचा दुसरा मार्ग खुला असतो, ते विषाणूला रोखू शकले नाही.

पहिल्या अंदाजासाठी एक जुना ठोकताळा उपयोगी पडतो: ॲमिनचा पीकेए (प्रोटॉन धरून ठेवण्याच्या क्षमतेचे माप) किमान 8 आणि गणनेने काढलेला लॉगपी (मेदप्रेमाचे माप) किमान 1 असून दोहोंच्या वर्गांची बेरीज 90 किंवा अधिक असल्यास धोका मानावा. त्यानंतर प्रतिदीप्त फॉस्फोलिपिड वापरून, अमिओडॅरोनशी तुलना करत, त्याच पेशींत प्रत्यक्ष मापन करावे. विषाणू, ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचेच घटक पचवणे), पदार्थांची पेशीतील वाहतूक किंवा कोलेस्टेरॉल यांच्याशी संबंधित चाळणी असेल, तर ही पायरी कोणत्याही सबबीवर वगळू नये.

पायरी सातवी: रचनेवरून लावलेल्या चाळण्या

2010 साली बेल आणि हॉलोवे यांनी पेन्स या नावाने, चाचण्यांत वारंवार फसवे हिट देणाऱ्या 480 उपरचनांची यादी प्रसिद्ध केली. क्विनोन, कॅटेकोल, र्‍होडानीन यांसारखे गट त्या यादीत आहेत, आणि आता एका कळीसरशी संपूर्ण हिटयादी तिच्यातून गाळता येते. ही सोय वापरावी, पण तिची मर्यादा ओळखून. ती यादी शुद्ध प्रथिनांच्या परस्परबंधावर अल्फास्क्रीन या प्रकाशमापनाच्या पद्धतीने केलेल्या सहा चाळण्यांतून तयार झाली. पेशीत काय घडेल, याचा विचार तिच्या उगमात नव्हता. लायसोसोममध्ये अडकणारी औषधे, सूक्ष्मनलिका मोडणारी संयुगे किंवा हृदयावरील ग्लायकोसाइड्स पकडण्यासाठी ती बनलेलीच नाही. उलट, मान्यताप्राप्त औषधांतही तिच्यातील काही उपरचना सापडतात. त्यामुळे यादीत नाव आले म्हणून संयुग बाद करणे आणि नाव आले नाही म्हणून निश्चिंत राहणे, या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. त्याऐवजी पबकेमसारख्या खुल्या विदासंग्रहात ते संयुग पूर्वी किती आणि कोणत्या चाचण्यांत सक्रिय आढळले, हे पाहण्यात घालवलेली दहा मिनिटे अधिक सत्कारणी लागतात.

पायरी आठवी: ताजी पूड, स्वतंत्र चाचणी आणि जवळची भावंडे

येथवर टिकलेल्या संयुगांची पूड नव्याने मागवावी किंवा संश्लेषित करावी, एलसी-एमएसने (द्रव क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमान वर्णपटमापन) तिची शुद्धता आणि ओळख तपासावी व पूर्ण मात्रा-मालिका पुन्हा चालवावी. जुन्या साठ्यात संयुग विघटित झालेले असू शकते, किंवा संश्लेषणातून उरलेल्या जस्तासारख्या धातूचा अंश सारा परिणाम घडवत असतो. टीपीईएनसारखा धातू धरणारा पदार्थ घालून ते पडताळता येते. वक्र अतिशय तीव्र उताराचा असेल, म्हणजे हिल गुणांक 2 पेक्षा बराच मोठा असेल, तर कलिल कण, पटलभंग किंवा पेशीमृत्यू यांकडे पुन्हा वळावे.

त्यानंतर रचनेने जवळची दहा-वीस संयुगे तपासावीत. रचनेतील छोट्या बदलांनी प्रभाव सुसंगतपणे वाढत-घटत असेल आणि जवळजवळ तशाच रचनेचे एक निष्क्रिय भावंड सापडले, तर पुढील प्रत्येक प्रयोगात ते भावंड सोबत चालवावे. लक्ष्य प्रथिनाशी पेशीतच बंध होतो का, हे 2013 साली मांडलेल्या सेट्सा पद्धतीने, म्हणजे उष्णतेला प्रथिन किती टिकाव धरते ते मोजून, तपासता येते. सर्वच प्रथिने या पद्धतीत उत्तर देत नाहीत. सर्वांत खणखणीत पुरावा जनुकीय असतो. लक्ष्याचे जनुक काढून टाकलेल्या पेशींतही संयुग तितकेच काम करत असेल, तर लक्ष्य ते नव्हे. आणि संयुगाचा बंध बिघडवणारे एकच उत्परिवर्तन लक्ष्यात घातल्यावर पेशी प्रतिकारक्षम झाली, तर शंकेला फारशी जागा राहत नाही.

बाद झालेल्या प्रत्येक संयुगाची नोंद कारणासह एकाच तक्त्यात ठेवावी: कोणत्या पायरीवर, कोणत्या मात्रेला आणि कोणत्या प्रयोगाने ते गळाले. त्याच संग्रहाची पुढील चाळणी होईल तेव्हा यांपैकी बरीच नावे पुन्हा यादीच्या शिरोभागी दिसतील, आणि त्या वेळी हा तक्ता सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी उपलब्ध असावा.